सिमेंटच्या टोपीखालचा खांब

अन्याय झाला तो विश्वनाथ तायडे यांच्यावर. अमरावतीच्या सरकारी तंत्रशाळेत ते शिकवत. लोखंड किती भार सोसतं आणि केव्हा सोसेनासं होतं, हा त्यांचा विषय. अन्याय केव्हा झाला तेही सांगतो: बासष्ट सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, अकोल्याच्या विश्रामगृहात, चहाचे कप उचलले जात असताना. तीन माणसांच्या समितीनं एका वाक्यात ठरवून टाकलं की कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा खांब तायड्यांनी घासला म्हणून तुटला, आणि प्रेसवरचा कामगार पुंडलिक इंगोले मेला तोही त्यामुळेच.

हे वाक्य खोटं आहे. त्याचा पुरावा अकोल्यात कापसाच्या एका जीनच्या फाटकात, उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा आहे. तिकडे येतोच. पण आधी माणूस सांगतो. समितीनं त्यांना उभं करून दोन प्रश्न विचारले आणि बसा म्हटलं. एवढ्यात माणूस कळत नसतो.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गात शिरण्याआधी दाराची चौकट बोटाच्या पेरानं वाजवत होते. मग फळा वाजवला. मग टेबल. टेबलाचा एक पाय त्यांना पसंत पडला नाही, तो तास त्यांनी उभ्यानंच घेतला. ज्या वस्तूजवळ जात तिला वाजवून बघायचं, कान द्यायचा आणि मगच विश्वास टाकायचा, अशी त्यांची रीत. घरोघरचे माठ वाजवत, बसची पाटी वाजवत, पुलावरून जाताना ट्रक आला की थांबत आणि कठड्यावर तळहात ठेवत, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. छताच्या पंख्याखाली बसायला सांगितलं की आधी विचारत, हूक कोणी बसवला? उत्तर मिळेपर्यंत खोलीत येरझारा. ते राहत त्या राजापेठेतली पोरं त्यांना ठोक्या मास्तर म्हणत. सरांना ते माहीत होतं. राग नव्हता. पण ते स्वस्थ बसलेले मात्र मी कधी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असायचा.

परतवाड्याला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. सरांनी मांडवाचा एक खांब वाजवला आणि त्याच्या आसपासच्या बायांना सरळ उठवलं. मुलीचा मामा धावून आला. लग्नघरी असं अभद्र बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं, वगैरे. सरांनी वाद घातला नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही हातांनी तो खांब धरून उभे राहिले. अक्षता त्यांच्याच डोक्यावर जास्त पडल्या. खांब काही पडला नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही हसत होतो, तर म्हणाले, "तो कसा पडीन? मी धरला होता नं."

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. चिडले, किंवा मनातलं बोलायचं झालं, की हिवरखेडची भाषा बाहेर यायची. त्यांचे वडील तिथे दुसऱ्याच्या शेतात राबले. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी सर नोकरीत लागले. घराण्यातला पहिला सरकारी नोकर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तंत्रशाळेच्या मागे दगडी कोळशाची एक जुनी खोली होती. ती झाडून, चुना मारून सरांनी स्वतःची प्रयोगशाळा केली. शिपाई गफूरभाई त्यांच्या मदतीला. तिथे भिंतीत रुळाचा एक तुकडा आडवा रोवलेला होता आणि त्यावर सरांनी केलेली पट्टी चिकटवलेली. ही पट्टी म्हणजे सरांची सगळी विद्या. केसाहून बारीक तार नागमोडी वळवून पातळ कागदावर बसवायची आणि तो कागद लोखंडाला असा चिकटवायचा की लोखंड ताणलं गेलं तर तारही तेवढीच ताणली जावी. तार ताणली की तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते. त्या बदलानं मीटरमधला छोटा आरसा फिरतो आणि आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर सरकतो. लोखंडात डोळ्यांना कधी दिसणार नाही तो ताण भिंतीवर वीतभर दिसतो.

पहिल्याच दिवशी सरांनी गफूरभाईंना रुळाच्या टोकावर एक बोट ठेवायला लावलं. ठिपका हलला. गफूरभाईंनी बोट काढलं. ठिपका परत जागेवर. त्यांनी पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं, मग आपल्या बोटाकडे बघत राहिले.

"साब, ये लोहा मेरी उंगली से डरता क्या?"

"डरत नाही, गफूरभाई. त्याले कळते. आपल्याले वाटते का ते मुकं हाये."

हेच त्यांचं वेड. अशा पट्ट्या परदेशात विकत मिळत. सरांनी अर्ज केले, ते कुठे गेले देव जाणे. मग स्वतः करायला लागले. तार जुन्या रेडिओच्या आतून काढलेली. डिंक सिनेमाच्या फिल्मचा. टॉकीजमधला ऑपरेटर फिल्मचे तुटके तुकडे फेकून देई, ते सर पिशवी भरून आणत, वरचं चित्र धुऊन काढत आणि अॅसिटोनमध्ये विरघळवत. खोलीभर तो गोडसर वास. कितीतरी नायक-नायिका सरांनी असे धुऊन लोखंडाला लावले. आणि कागद सिगारेटचा. तेवढा पातळ कागद दुसरा मिळेना. सर पानठेल्यावरून सिगारेटी घेत, घरी बसून एकेक सोडवत आणि तंबाखू फेकून देत. मोहल्ल्यात बोभाटा झाला की तायडे मास्तर फार ओढतात. हिवरखेडहून वडील आले. कोनाड्यात रिकामी पाकिटं रचलेली पाहिली आणि उंबरठ्यातच बसले.

"एवढा शिकला, अन् हे कमावलं?"

सर समजावायला लागले, तार, ताण, ठिपका. म्हातारा ऐकेना. शेवटी सरांच्या पत्नी शांताबाई आतून म्हणाल्या, "मामाजी, ओढत असते तं बरं होतं. दोन घडी एका जागी बसले तरी असते." म्हातारा हसला आणि आत आला.

सरांना लोखंडाचे तुकडे प्रयोगशाळेत मोडून बघण्यात रस नव्हता. ते सगळीकडेच होतं, म्हणत. "मेल्यावर चिरफाड कोनीबी करते. जिवंत हाये तोवर ताप पाहा." चालतं यंत्र, वर माणसं काम करून राहिलेली, आणि त्या वेळी त्याच्या हाडांत किती ताण आहे ते मोजायचं. आणि वऱ्हाडात यंत्र म्हटलं की जीन आणि प्रेस. मुंबईच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं. गेले नाहीत. त्यांचं उत्तर साधं होतं, प्रेस इथे आहेत.

ज्यांनी प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी: जीनमध्ये सरकी काढलेली रुई एका पेटीत भरतात आणि खालून पाण्याच्या दाबानं वर रेटतात. वर जाड लोखंडी माथा असतो. त्या दोघांमध्ये रुई दबून दगडासारखी गाठ होते. तो माथा वर उडून जाऊ नये म्हणून चार खांब त्याला खाली धरून ठेवतात. प्रत्येक गाठीला ते चार खांब ताणले जातात आणि सुटतात, हंगामभर, वर्षानुवर्षं. बहुतेक प्रेस आपल्या आज्याच्या काळातल्या.

अकोल्याच्या एका शेटजींनी सरांना मोजमापाला परवानगी दिली. आपल्या जीनमध्ये संशोधन चालतं असं पाहुण्यांना सांगायला त्यांना बरं वाटायचं. सर दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायचे. मी तेव्हा अकोल्यात कामगारांची पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. सरांचा जुना विद्यार्थी, म्हणून सामान उचलायला जायचो. खांबावर पट्टी बसवायची तर आधी रंग काढून लोखंड उघडं करावं लागतं. सरांनी चारही खांबांवर, छातीच्या उंचीला, पोस्टकार्डाएवढी जागा पॉलिश कागदानं घासून चकचकीत केली. रंग तेवढा गेला. लोखंड जिथल्या तिथे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. समितीनं मला बोलावलं नाही.

प्रेसवर पुंडलिक इंगोले मुख्य माणूस. गाठ दबली की तिला लोखंडी पट्ट्या बांधायला वाकणारा. हसरा, बडबड्या, सरांना चहा आणून देणारा. सर पट्टीवर कान लावल्यासारखे झुकले की तो मागून म्हणायचा, "डागदर, नाडी बराबर हाये नं आमच्या म्हताऱ्याची?"

नाडी बरोबर नव्हती. पूर्वेकडच्या एका खांबाचा ठिपका गाठीगाठीला बाकीच्यांच्या कितीतरी पुढे पळायचा. याचा अर्थ माथा तिरका झाला होता आणि बहुतेक भार तो एकटाच घेत होता. सरांना चैन पडेना. पुढच्या शनिवारी त्यांनी शिडी लावून वरच्या नटाजवळ रॉकेल चोपडलं, कोरडं पुसून घेतलं आणि वर खडूची पूड मारली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यात एक काळसर रेघ उमटली, सुईनं ओढल्यासारखी. तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. म्हणजे तडा घासलेल्या जागेपासून पुरते दोन हात वर. सर शिडीवरच थांबले. उतरले तेव्हा चेहरा पाहवत नव्हता.

पुंडलिकनं विचारलं, "काय म्हनते खांब?"

सर म्हणाले, "अहवालात लिहितो."

हे एवढंच म्हणाले. आणि खरोखरच अहवाल लिहिला, त्याच रात्री. प्रेस तत्काळ बंद करावी, पूर्वेचा खांब बदलल्याशिवाय एकही गाठ दाबू नये. सही करून प्राचार्यांकडे दिला. प्राचार्यांनी वर पाठवला. वरून तो शेटजींकडे माहितीसाठी आला. हंगाम भरात. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग. शेटजींनी व्यवस्थापकाला बोलावलं, व्यवस्थापकानं खांबाकडे पाहिलं, खांब उभा होता. पुढच्या शनिवारी सरांना फाटकावरच अडवलं. परवानगी संपली म्हणे.

त्या दिवसांत सरांचं काय झालं होतं ते सांगता येत नाही. अकोल्याला येत आणि फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे फेऱ्या मारत. आतून गाठ दाबली गेल्याचा धप्प आवाज आला की थबकत. मी म्हटलं, सर, नुसतं हो म्हणा, पत्रक काढतो, उद्या सकाळी सगळ्या जीनपाड्यात वाटतो. नाही म्हणाले. सरकारी नोकरानं कागद पाठवला आहे, आता कागद चालेल. पत्रक निघालं तर म्हणतील, हा युनियनचा माणूस, याचा अहवालच खोटा. पुन्हा म्हणाले, "आमच्यासारख्यानं नियम मोडला का त्यायले पाह्यजेच ते सापडते." माझा संताप झाला होता. आज वाटतं, त्यांचं भय मला कळणारच नव्हतं. मी कुणब्याचा पोरगा, माझ्याकडे बोट दाखवायला कोणी टपून बसलं नव्हतं.

खांब तुटला तो भर दुपारी. माथा एका बाजूनं उचकला. पुंडलिक गाठीला पट्टी बांधायला वाकलेला होता.

मग समिती. पहिला प्रश्न: खांबावरचा रंग तुम्ही काढला? सर म्हणाले, काढला. दुसरा: लोखंड घासलं? म्हणाले, घासलं. बसा. सर बसले नाहीत. त्यांनी सांगितलं की तुटलेलं तोंड बघा. जुना तडा असेल तर त्याचा भाग गुळगुळीत आणि काळा पडलेला दिसेल, कारण गाठीगाठीला त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत होत्या. जे त्या दिवशी तुटलं तेवढंच खडीसाखरेसारखं दाणेदार असेल. खांब स्वतःच सांगेल, फक्त त्याच्याकडे बघा. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. व्यवस्थापकानं सांगितलं, खांब भंगारात गेला. आणि मी बाहेर थांबलो होतो त्या व्हरांड्यात सिगारेट पेटवत समितीतलाच एक दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल असं: सवलतीवर आलेल्यांच्या हाती यंत्र दिलं की असंच होणार. ते वाक्य मी जसंच्या तसं इथे लिहून ठेवतो. त्याला सवलतीचा राग होता, खांबाशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

कोळशाच्या खोलीला कुलूप लागलं. पट्ट्या, मीटर, आरसा, सगळं आत. सरांची बदली परतवाड्याच्या शाळेत, ड्रॉइंगच्या तासाला मुलांकडून रेषा काढून घ्यायला. गफूरभाई म्हणतात, खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप अजून त्या भिंतीवर पडते, पण तिला हलवणारं कोणी नाही.

व्यवस्थापक अर्धंच खरं बोलला होता. खांबाचा वरचा तुकडा भंगारात गेला. खालचा गेला नाही. जीनच्या फाटकाशी बंड्यांची चाकं भिंतीला घासत, म्हणून तो तिथे उभा रोवला, घासलेली जागा जमिनीत गेली. तुटकं तोंड वर. कोणाला लागू नये असं सांगून त्यावर सिमेंटची गोल टोपी बसवली. मग खंडेनवमी आली. जीनमध्ये त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असते. कोणीतरी म्हणालं, ह्या खांबानं बळी घेतला आहे, ह्यालाही शांत करा. व्यवस्थापकानं स्वतःच्या हातानं शेंदूर लावला. आता बंडीवाले येता-जाता हात जोडतात. टोपीला कोणी बोट लावू देणार नाही. पुरावा झाकायचा याहून पक्का उपाय मला तरी सुचला नसता.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वैशाखात. ते अकोल्याला पुंडलिकच्या बायकोला भेटायला आले होते. सुमनबाई त्याच जीनमध्ये कापूस निवडायला जाते. अंगणात घोंगडी टाकली, सर बसले नाहीत. तिनं पदर सावरून सरळ विचारलं, "सर, तुमी घासला म्हून तुटला का?"

"नाही, बाई."

"मंग कावून तुटला?"

सरांनी खडूचा तुकडा काढला आणि तिच्या घराच्या सारवलेल्या भिंतीवर प्रेस काढली. चार खांब. तिरका माथा. कोणता खांब किती ओढत होता. तडा कुठे होता, रेघ कशी उमटली. एकही अवघड शब्द नाही. कितीतरी वेळ बोलत होते. सुमनबाईनं मधेच दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. शेवटी ती म्हणाली, "हे त्यायले सांगतलं असतं तं ते वाकले नसते."

सर म्हणाले, "हो. कागदाले सांगतलं. त्याले सांगाले पाह्यजे होतं."

आणि त्यांचा हलणारा हात थांबला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

नंतर आम्ही फाटकाजवळून स्टेशनकडे निघालो. हंगाम संपलेला, बंड्या नाहीत, पहारेकरी सावलीत झोपलेला. सर खांबापाशी थांबले. शेंदूर लागणार नाही अशी जागा बघून त्यांनी सिमेंटच्या टोपीवर बोटाचं पेर वाजवलं, कान दिला, पुन्हा वाजवलं. सिमेंटखाली लोखंड गंजत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते माझ्याकडे वळले, म्हणाले, "आत हाये तसंच हाये." आणि मागे न बघता, त्यांच्या त्या घाईच्या चालीनं, गाडीसाठी निघून गेले.

आता तुम्हाला सांगतो, वाचणाऱ्यांना. वऱ्हाडातल्या दुसऱ्या प्रेस तेवढ्याच जुन्या आहेत आणि त्यांच्या खांबांची नाडी बघणारा माणूस परतवाड्यात पोरांच्या रेषा तपासतो आहे. येत्या खंडेनवमीच्या सकाळी, शेंदूर नव्यानं लागण्याआधी, अकोल्याच्या त्या फाटकात या. जागा विचारलीत तर कोणताही बंडीवाला दाखवील. मी एकटा गेलो तर देवाची विटंबना म्हणून मला मारतील आणि टोपी तशीच राहील. तुम्ही वकील असा, मास्तर असा, शेतकरी असा, पाया पडणारे असा की न पडणारे, येऊन फक्त भोवती उभे राहा. सुमनबाई येणार आहे. हातोडा मी आणतो. टोपी फोडू आणि आतलं तोंड सगळे मिळून बघू. सगळं दाणेदार निघालं तर हे पान माझ्या तोंडावर फेका. काळं आणि गुळगुळीत निघालं, तर तिथून घरी जाऊ नका. माझ्याबरोबर अमरावतीला चला आणि त्या कोळशाच्या खोलीचं कुलूप काढायला लावा.